फोटोचे पैसे कोणी भरायचे?



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरून रात्री फोन आला. आमच्या बैठकांना येणारी, फारसे न बोलणारी एक बाई शेजारणीच्या फोनवरून बोलत होती. नवऱ्याने मारले होते. डोळ्याखाली सूज होती, दंडावर वळ होते. मी नेहमीप्रमाणे सांगितले, "जखमेचा फोटो काढून लगेच मला पाठव." थोड्या वेळाने पुन्हा फोन आला. "ताई, फोटो काढला, पण जात नाही. पॅक संपलाय."

त्या रात्री फोटो आला नाही, दुसऱ्या दिवशीही आला नाही. रिचार्जचे दुकान बाजारपेठेत, पाड्यापासून दीड तासाच्या चालीवर. शेजारणीचा नवरा कामावर गेलेला आणि पैसे त्याच्याच खिशात. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच आली तेव्हा सूज उतरली होती आणि वळ पिवळे पडले होते. तिच्याबरोबर एका कार्यालयात गेले तर पहिला प्रश्न, "फोटो आहे का?"

फोटो होता. शेजारणीच्या फोनमध्ये, तारीख-वेळेसकट. पण तो त्या फोनच्या बाहेर पडू शकला नव्हता, कारण फोटोला बाहेर पडायला पैसे लागतात.

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आम्हाला केस कशी लिहायची, गृहभेट कशी द्यायची, बाईचे म्हणणे मध्ये न बोलता कसे ऐकायचे हे सगळे शिकवले. 'फोटो पाठव' असे म्हणताना आपण समोरच्या बाईला खर्चात टाकतो आहोत, हे मात्र कोणी शिकवले नाही. ते या पाड्यावर शिकले. म्हणून या अंकाचे संपादकीय अगदी छोट्या वाटणाऱ्या विषयावर आहे : चित्र पाठवण्याचा खर्च.

तुमच्यापैकी काहींना २००० नंतरच्या दशकातले दिवस आठवत असतील. फोनमध्ये कॅमेरे नुकतेच आले होते. साधा संदेश पाठवायला थोडे पैसे पडत, किंवा स्वस्तातला संदेशांचा पॅक मिळे. चित्र पाठवायचे म्हटले की त्याला 'एमएमएस' म्हणत, आणि तो पॅकमध्ये धरलेला नसे. एका चित्राला तीन ते पाच रुपये वेगळे कापले जात. ज्याला पाठवायचे त्याच्या फोनमध्येही ती सोय चालू असावी लागे, नाहीतर पैसे जात आणि चित्र पोचत नसे. दिवाळी, नवे वर्ष अशा दिवशी तर संदेशांचा पॅकही चालत नसे, प्रत्येक शुभेच्छेचे पूर्ण पैसे पडत. तेव्हा आपल्या संघटनांना याचे काही वाटले नाही. चित्र पाठवणे ही हौस होती आणि हौसेला मोल असतेच. ज्या बाईकडे हौसेचे पैसे नव्हते, तिने चित्र पाठवले नाही म्हणून तिचे काही अडत नव्हते.

आता 'एमएमएस' जवळजवळ कोणी वापरत नाही. चित्रावर वेगळा आकार लावलेला दिसत नाही, म्हणून आपल्याला वाटते की तो गेला. खरे तर त्याने फक्त जागा बदलली आहे. आता चित्राचे पैसे द्यायचे नसतात, डेटाचे द्यायचे असतात, आणि तेही आगाऊ, महिनाभराचे. एकच फोटो पाठवायचा असला तरी.

जरा बाजारचा हिशेब मांडू. जुलै २०२४ मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. २८ दिवसांचा १७९ रुपयांचा स्वस्त पॅक १९९ वर गेला, त्यात महिन्याभराला २ जीबी. रोज दीड जीबी देणारा २३९ चा पॅक २९९ झाला. महिना २८ दिवसांचा धरल्यामुळे वर्षात रिचार्ज बाराऐवजी तेरा वेळा करावे लागतात. म्हणजे स्वस्तातल्या पॅकचे वर्षाला २,५८७ रुपये आणि रोजच्या डेटाच्या पॅकचे ३,८८७. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितले की ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी फक्त बोलणे आणि साधे संदेश यांचा पॅक ठेवा. चांगला निर्णय होता. त्यानुसार जानेवारी २०२५ मध्ये ८४ दिवसांचे पॅक साधारण साडेचारशे रुपयांना आले. वर्षाला १,९५० च्या आसपास. फक्त बोलण्यासाठी फोन ठेवणाऱ्या बाईला हे परवडते. पण त्या पॅकवर चित्र जात नाही. एका दिवसाचा डेटा वरून घ्यायचा तर वीसएक रुपये.

म्हणजे बोलता येणे आणि चित्र पाठवता येणे यांत वर्षाला सुमारे ६४० ते १,९४० रुपयांचा फरक आहे. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात मनरेगाची दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. तो फरक म्हणजे दोन ते सहा दिवसांची मजुरी. शहरात बसून ही रक्कम क्षुल्लक वाटेल. डहाणू-तलासरीत भात कापून झाल्यावर जे कुटुंब वीटभट्टीवर किंवा बोटीवर कामाला जाते, त्याला विचारा.

तरीही कोणी म्हणेल, परवडत नसेल त्याने फोटो पाठवू नये. इथेच खरी अडचण आहे. हौसेचा फोटो आता सक्तीचा झाला आहे.

मनरेगाच्या कामावर हजेरी घेण्यासाठी केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये 'एनएमएमएस' नावाचे ॲप आणले. १ जानेवारी २०२३ पासून ते जवळपास सर्वच सार्वजनिक कामांवर बंधनकारक झाले. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढायचा, त्यावर वेळ आणि ठिकाण उमटले पाहिजे, आणि तो वर पाठवायचा. हे काम मेटचे. मेट शक्यतो बाई असावी असा आग्रह होता आणि तो योग्यच होता. पण फोन तिचा स्वतःचा, आणि डेटाही तिचाच. डोंगराच्या कुशीतल्या कामावर रेंज नसली, फोटो गेला नाही, तर मजुरांची हजेरी धोक्यात. घाम गाळला हे खरे, पण चित्र पोचले नाही म्हणून ते खोटे! गैरव्यवहार थांबावा म्हणून ही रीत आणली असे सांगितले गेले. पुढे ८ जुलै २०२५ च्या पत्रात ग्रामीण विकास मंत्रालयानेच राज्यांना लिहिले की कामाशी संबंध नसलेले फोटो आणि फोटोचेच काढलेले फोटो वर चढवले जात आहेत. चोराने वाट काढली आणि कष्टकरी बाई मात्र रेंज शोधत टेकडीवर चढत राहिली.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात कामाचे दिवस १०० वरून १२५ केले आहेत, पण बायोमेट्रिक ओळख आणि तंत्रज्ञानावर आधारलेली देखरेख यांवरचा भर वाढलेलाच आहे. तेव्हा हा प्रश्न जुन्या कायद्याबरोबर संपलेला नाही.

एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली देणगी. १९७२ च्या दुष्काळात योजना सुरू झाली, १९७७ मध्ये कायदा झाला, आणि खडी फोडायला, माती वाहायला सर्वांत जास्त पुढे आल्या त्या बायाच. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचाराची पेटी आणि लहान मुलांसाठी पाळणाघर असावे, यासाठी स्त्रियांच्या संघटना झगडल्या. पुढे मनरेगातही या सोयी लिहिलेल्या होत्या. मग दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो मागणाऱ्या ॲपने सावलीचा फोटो का मागितला नाही? पाळणाघराचा का नाही? कॅमेरा मजुराकडेच वळवायचा, सरकारच्या जबाबदारीकडे वळवायचा नाही, असे का ठरले?

अंगणवाडीचीही हीच कथा. १ मार्च २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर' आला. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. फोन निकृष्ट होते आणि ॲप मराठीत नीट चालत नव्हते. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थी बाईचा चेहरा ॲपमध्ये ओळखला जाणे सक्तीचे झाले. आधी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी, मग चेहऱ्याचा फोटो. पोषण अभियानात मोबाइल आणि डेटासाठी तरतूद आहे हे खरे. पण ती रक्कम अपुरी पडते, उशिरा मिळते, ही तक्रार सेविकांच्या संघटनांनी अनेकदा मांडली आहे. पैसे येईपर्यंत रिचार्ज कोण करते? सेविका, स्वतःच्या मानधनातून.

आणि ओटीपी कोणाच्या फोनवर जातो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांनी सांगितले की स्वतः वापरता येईल असा मोबाइल त्यांच्याकडे आहे. म्हणजे जवळपास निम्म्यांकडे नाही. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. ग्रामीण भागात स्त्रिया सुमारे २५ टक्के, पुरुष ४९ टक्के. तेव्हा आठव्या महिन्यातली बाई अंगणवाडीच्या दारात उभी असते आणि तिच्या आहाराचा आकडा वापी किंवा बोईसरच्या कारखान्यात नवऱ्याच्या खिशात वाजतो. तो पाळीवर असेल तर उचलत नाही, भांडण झाले असेल तर सांगत नाही. बाईचा हक्क तिच्या नावावर आहे, पण त्याची किल्ली दुसऱ्याच्या फोनमध्ये आहे.

डहाणू-तलासरीला एक जुना शब्द ठाऊक आहे, वेठ. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात वारली स्त्री-पुरुष हजारोंनी जमले, गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यात होते, आणि वेठबिगार करणार नाही असे तिथे ठरले. जमीनदार बोलावील तेव्हा जायचे, राबायचे आणि हातात काही पडायचे नाही, ही रीत या माणसांनी मोडली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, तरी ती मोडली. त्या अमानुष वेठीची आणि आजच्या रिचार्जची बरोबरी मला करायची नाही. ती केली तर त्या लढ्याचा अपमान होईल. पण वेठीचे तत्त्व काय होते? काम तुझे, खर्च तुझा, हुकूम माझा. मेटने पदरच्या पैशांनी फोटो पाठवायचा, सेविकेने मानधनातून डेटा भरायचा, आणि न पाठवल्यास नोटीस घ्यायची, यात ते तत्त्व लहान रूपात शिल्लक नाही असे कोण म्हणेल?

आता आपल्याकडेही वळून पाहू. बैठक झाली की आपणच म्हणतो, "गटावर फोटो टाका." निधी देणाऱ्यांना अहवाल हवा असतो, अहवालाला फोटो हवे असतात. पाड्यावरच्या कार्यकर्तीला आपण प्रवासखर्च देतो, डेटाचा खर्च देतो का? माझ्या स्वतःच्या कामात मी कित्येक वर्षे तो दिला नव्हता. तिने मागितला नाही, म्हणून मला सुचला नाही. घरातल्या बाईच्या कामाचे मोल धरत नाहीत, म्हणून आपण इतरांना बोल लावतो. आपल्याच संघटनेत ती चूक होत होती.

आणखी एक बाजू आहे. 'एमएमएस' हा शब्द आपल्या भाषेत बदनाम झाला तो बायांच्या चोरून काढलेल्या, पसरवलेल्या चित्रांमुळे. मारहाणीचा फोटो शेजारणीच्या फोनवर राहिला तर तो कोण कोण पाहणार? मजुरांच्या आणि गरोदर बायांच्या चेहऱ्यांचे फोटो कुठे साठतात, किती दिवस राहतात, हे त्यांना कोणी विचारून सांगितले आहे का? स्वस्त डेटा मागताना हाही प्रश्न सोडून चालणार नाही. चित्र पाठवता येणे जसे हक्काचे, तसे न पाठवण्याची मुभाही हक्काची.

आपल्या मागण्या काय असाव्यात? पहिली, ज्या खात्याला फोटो हवा त्या खात्याने फोन आणि डेटा द्यावा, तोही आगाऊ. दुसरी, फोटो गेला नाही एवढ्या कारणावरून मजुरी किंवा आहार नाकारता कामा नये. हजेरीपट आणि सही-अंगठा ग्राह्य धरावा. तिसरी, ओटीपीसाठी दुसऱ्याच्या फोनवर अवलंबून असलेल्या बाईला ग्रामपंचायतीत किंवा अंगणवाडीत समोरासमोर ओळख पटवण्याची सोय असावी.

चौथी मागणी जरा मोठी, पण नवी नाही. डिसेंबर २०१६ मध्ये ट्रायनेच शिफारस केली होती की ग्रामीण ग्राहकांना महिन्याला १०० एमबी डेटा मोफत द्यावा आणि त्याचा खर्च सार्वत्रिक सेवा निधीतून करावा. हा निधी कंपन्यांच्या महसुलातल्या पाच टक्क्यांतून उभा राहतो आणि गावागावांत सेवा पोचावी यासाठीच आहे. आता त्याचे नाव 'डिजिटल भारत निधी'. ती शिफारस कागदावरच राहिली. १०० एमबीत सिनेमा पाहता येत नाही, पण जखमेचा फोटो, रेशनकार्डाचा फोटो, लेकीच्या दाखल्याचा फोटो नक्की जातो. केरळात २०१९ मध्ये वसतिगृहातल्या मोबाइलबंदीला नकार देणाऱ्या फहिमा शिरीन या विद्यार्थिनीच्या खटल्यात उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. तिथल्या सरकारने २०२३ मध्ये गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देणारी योजनाही सुरू केली. म्हणजे हे होऊ शकते.

मागण्या मान्य होईपर्यंत मार तर थांबत नाही. म्हणून गटागटांत सांगायच्या काही गोष्टी. फोटो जात नसेल तरी काढून ठेवा आणि मूळ फोटो फोनमधून पुसू नका. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असा फोटो पुरावा म्हणून देताना प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यासाठी तो कोणाच्या, कोणत्या फोनवर, कधी काढला हे वहीत लिहून ठेवा. ११२ आणि १८१ या क्रमांकांना डेटा लागत नाही, नुसते बोलता येते. फोटोपेक्षा सरकारी दवाखान्यातली तपासणी आणि तिचा कागद अधिक भक्कम, म्हणून शक्य तितक्या लवकर दवाखाना गाठा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार दवाखान्याला उपचार नाकारता येत नाहीत, आणि संरक्षण अधिकाऱ्याने वैद्यकीय तपासणी करून घेणे हे त्याचे कामच आहे. 'फोटो नाही म्हणून तक्रार नाही' असे कोणी म्हणाले तर, "हे लिहून द्या," म्हणा. फोटो नसला तरी बाईचा शब्द असतो, आणि कायद्यात त्याला किंमत आहे. दुकानात गेल्यावर बोलण्यापुरता पॅक वेगळा मिळतो हेही बायांना सांगा. दुकानदार बहुधा आपणहून सांगत नाही.

त्या बाईचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. शेजारणीचा फोन घेऊन आम्ही दोघी पुन्हा त्या कार्यालयात गेलो आणि फोटो फोनमध्येच दाखवला. तक्रार लिहून घेतली गेली. ती सध्या माहेरी आहे, दावा चालू आहे. शेजारणीच्या फोनमध्ये तो फोटो अजून आहे. तो पुसला जाऊ नये म्हणून तिने आपल्या मुलाला गेम घालायला मनाई केली आहे. शेजारणीने दिलेली ही साथ कोणत्याही पॅकमध्ये मिळत नाही, पण सरकारने तिच्यावर विसंबून राहावे हे बरोबर नाही.

तुमच्या भागात मेट, सेविका, आशाताई फोटोसाठी महिन्याला पदरचे किती पैसे घालतात, याची यादी करा. नाव नको, गाव आणि रक्कम पुरे. पुढच्या अंकात ती एकत्र छापू आणि डहाणू व तलासरीच्या तहसील कार्यालयांत घेऊन जाऊ. यादी पत्राने पाठवली तरी चालेल. फोटो पाठवायलाच हवा असे नाही.